मधला खांब

पुसदला आमच्या ओसरीला तीन खांब होते. त्यांतल्या मधल्या खांबाशी गावंडे सर बोलत असत.

बोलत म्हणजे पुटपुटत नसत. चांगलं खणखणीत, समोर माणूस उभा असल्यासारखं बोलत. मी पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन त्या घरात शिरलो तेव्हा सर ओसरीच्या डाव्या अंगाला खुर्चीवर बसले होते आणि खांबाला सांगत होते, "खांबा, वरणात मीठ कमी हाय. ताटाजवळ येगळं काढून ठेवलं हाय." उजव्या अंगाला बाजेवर एक सत्तरीचे म्हातारबुवा भाकर कुस्करत होते. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "खांबा, मीठ भेटलं. मले कमीच पायजे."

मी ट्रंक खाली ठेवली. दोघांनीही माझ्याकडे पाहून हात जोडले, बसा म्हणाले, पाणी दिलं. दोघंही शहाणीसुरती माणसं वाटत होती. मी गणिताचा माणूस असल्यामुळे घाईने निष्कर्ष काढत नाही. पण खांबाचा हिशेब मला त्या दिवशी लागला नाही.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. आम्ही सगळे होतो तिथेच राहिलो, फक्त पाट्या आणि पाठ्यपुस्तकं बदलली. त्याच्या पुढच्या वर्षी मी नेरहून पुसदला एका हायस्कुलात गणित शिकवायला आलो. गावंडे सर तिथे मराठी शिकवत. चाळिशीचे, उंच, वाकलेले, धोतराचा सोगा सायकलच्या चेनीत अडकू नये म्हणून उजव्या पोटरीला सुतळी बांधणारे. शाळेत पोचल्यावर ते ती सुतळी सोडायला विसरत आणि दिवसभर तसेच वावरत. पोट्टे त्यांना मागून 'सुतळी सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा सुतळी हरवली तेव्हा त्यांनी वर्गातच विचारलं, "राजेहो, माझं आडनाव कोणाला सापडलं काय?"

घरमालकाने ओसरीच्या एका बाजूची खोली मला दिली होती आणि दुसऱ्या बाजूच्या दोन खोल्या सरांकडे होत्या. बाजेवरचे म्हातारबुवा हे सरांचे वडील. सगळे त्यांना भाऊ म्हणत. सरही भाऊच म्हणत, म्हणजे इतरांपाशी त्यांचा उल्लेख करताना म्हणत. एकत्र कुटुंबात धाकटे काका त्यांना भाऊ म्हणायचे, ते ऐकून पोरंही भाऊ म्हणायला लागली, आणि जन्मदाता बाप घरात सगळ्यांचा भाऊ होऊन बसला. आमच्याकडे हे घरोघरी चालायचं. पण दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. मी आल्यावर खांबाचं अर्धं काम माझ्याकडे आलं.

"राऊत, भाऊले विचारा, डोयात औषध घातलं काय."

भाऊ चार हातांवर बसलेले. कान शाबूत. तरी मी त्यांच्याकडे तोंड करून विचारायचं, "औषध घातलं का?" मग भाऊ मला सांगायचे, "घातलं म्हणा." मग मी सरांकडे वळून सांगायचं, घातलं. पहिल्या महिन्यात माझी मान दुखायला लागली. पुढे पुढे मी नुसता हात हलवायचो, तेवढ्यावरही काम भागायचं.

रस्त्यापलीकडे रहीमभाईंचं सायकलचं दुकान होतं. मी एकदा तिथे पंक्चर काढायला गेलो तेव्हा रहीमभाईंनी मला वेगळीच गोष्ट सांगितली. भाऊ दर सोमवारी सकाळी सरांची सायकल हाताने ढकलत दुकानात आणतात, दोन्ही चाकांत हवा भरून घेतात, ब्रेक दाबून पाहतात आणि पुन्हा होती तशी भिंतीला लावून ठेवतात. सर तेव्हा आंघोळीला गेलेले असतात. "मास्तरले सांगू नका बोलते," रहीमभाई म्हणाले. "मले त समजत नाई. दिसत नाई त्याले बराबर, आन् ब्रेक कायचा पाह्यते?"

आता वर्गाचं सांगतो. सरांचा अकरावीचा वर्ग आणि माझा दहावीचा वर्ग यांच्यामध्ये बांबूच्या तट्ट्यांचा कूड होता. पलीकडे मराठी चालू असलं की अलीकडे माझी भूमिती आपोआप पातळ व्हायची. नव्या अभ्यासक्रमात एक जुनं शोकान्त नाटक लागलं होतं. पाच अंकी. एक राजा, एक युवराज, एक प्रधान, आणि मधूनमधून लढाई. राजा हट्टी, युवराज त्याहून हट्टी, शेवटी युवराज मरतो. मला विचाराल तर चार पानांत उरकण्यासारखं प्रकरण होतं. गावंडे सरांनी ते जूनमध्ये सुरू केलं आणि दसऱ्यापर्यंत ते पहिल्या अंकातच होते.

"राणीचं काय झालं?" ते विचारायचे.

पोट्टे पुस्तक चाळायचे. राणी नाटकात नव्हतीच.

"पान तीन पाहा. 'राणीसाहेबांना जाऊन सहा महिने झाले.' एक ओळ. एक नोकर दुसऱ्या नोकराला सांगतो आणि दोघं झाडलोट करायला निघून जातात. राजेहो, सारं नाटक त्या ओळीत घडून गेलं आहे. आता पुढे पाच अंक लोक नुसते येतात आणि जातात."

मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. कुठलाही प्रवेश असो, राजा आणि युवराज समोरासमोर आले की सर पुस्तकावर बोट ठेवून विचारायचे, "मध्ये कोण आहे?" बहुतेक वेळा मध्ये प्रधान असायचा. राजा प्रधानाला सांगायचा, प्रधान युवराजाला सांगायचा. सरांचं म्हणणं होतं की पहिल्या चार अंकांत राजा आपल्या मुलाशी थेट एकच वाक्य बोलतो. मला हे अतिशयोक्त वाटलं. मी एका रविवारी नाटक घेऊन बसलो आणि स्वतः मोजलं. एकच निघालं. युवराज शिकारीहून येतो तेव्हा राजा म्हणतो, "घोडा दमला का?"

या वाक्यावर सरांनी सहा तास घेतले. मी कुडाच्या अलीकडून ऐकत होतो. एका पोराने उत्तर दिलं की राजाला घोड्यांची आवड होती. त्यावर सरांची पुस्तकी मराठी सुटली. "अरे, घोड्याचं नाई विचारून राह्यला तो. पोराचं विचारून राह्यला. पोराचं विचारता येत नाई त्याले, म्हणून घोड्याचं विचारते."

त्यानंतर त्यांनी सबंध वर्गाला एक अजब गृहपाठ दिला. बाप आज तुमच्याशी थेट काय बोलला ते वहीत लिहून आणा. तुम्ही बापाला काय म्हणता तेही लिहा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी झाली. भाऊ, दादा, काका, अब्बा, तांड्यावरून येणाऱ्याचा बा. आजोळी वाढलेला एक पोट्टा, आजा म्हणायचा ते ऐकून, आपल्या बापाला 'जावाईबुवा' म्हणत असे. वह्यांत फार मजकूर नव्हता. निम्म्यांनी लिहिलं होतं, 'ढोराले पाणी दाखवलं काय, असं बाप बोलला.' सरांनी त्याखाली लाल शाईने लिहिलं, 'छान. उद्या त्यांना विचार, तुम्ही पाणी पिले काय.' एका वहीत नुसतं 'काही नाही' असं होतं. तिथे सरांनी शेरा न मारता त्या पोराला आपली खडूची पेटी आठवडाभर सांभाळायला दिली.

अमरावतीहून तपासणीचे साहेब आले तेव्हा त्यांनी अकरावीला विचारलं, या नाटकाचा नायक कोण? पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, घोडा. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. सर मात्र त्या मुलाकडे असे पाहत होते, जणू पोटचा पोरगा पास झाला.

आणखी एक गोष्ट होती. सर पाचवा अंक कधीच शिकवत नसत. चौथ्याच्या शेवटी युवराज राज्य सोडून निघतो. राजा प्रधानाला म्हणतो, "सांगा त्याला, जायचं तर जावं." हे म्हणताना राजाचा गळा दाटतो, तसं नाटकात कंसात छापलं आहे. प्रधान जाऊन तेवढंच सांगतो आणि युवराज निघून जातो. सर म्हणायचे, "प्रधानाला शिव्या देऊ नका. तो खोटं बोलला नाही. शब्द न् शब्द बरोबर नेला त्याने. फक्त आवाज नेला नाही. दुसऱ्याचा आवाज कोणाला नेता येत नाही." मग पुस्तक मिटायचे. पाचव्या अंकात युवराजाचं प्रेत आणतात आणि राजा पहिल्यांदा त्याच्याशी बोलतो, पानभर बोलतो. सर म्हणायचे, पाचवा अंक घरी वाचा. परीक्षेत पाचव्या अंकावर हमखास प्रश्न असायचा आणि हेडमास्तर दरवर्षी कपाळाला हात लावायचे.

असं दोन वर्षं चाललं. मला वाटायचं, या बापलेकांत काहीतरी मोठं भांडण झालं असणार. शेतीवरून, नाहीतर सरांनी लग्न केलं नव्हतं त्यावरून. एका संध्याकाळी भाऊ मारुतीला गेले होते तेव्हा मी धीर करून सरांना विचारलं.

"भांडण?" सर खरोखरच चकित झाले. "आमचं कायचं भांडण? आमची माय गेली."

मला समजलं नाही हे त्यांना दिसलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांच्या गावी, पैनगंगेच्या काठी, आजोबांपुढे बापाने स्वतःच्या पोराला उचलायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, अशी रीत होती. मोठ्यांसमोर तो निर्लज्जपणा. भाऊ मायला सांगायचे, माय पोराला सांगायची. पोराची फी, पोराचे जोडे, पोराचा ताप, सगळं माय इकडून तिकडे नेई. आजोबा गेले तरी सवय राहिली. लग्नाचंही मायच पाहत होती. मग नऊ वर्षांमागे ती वारली. तेराव्यानंतर दोघं ओसरीवर बसले आणि दोघांनाही कळेना की बोलायला सुरुवात कशी करतात. "तवापासून खांब," सर म्हणाले आणि हसले. मला पान तीनवरची ओळ आठवली. माझ्याच्याने हसवलं नाही.

खरं सांगायचं तर मला माझेही वडील आठवले. नेरला कापसाच्या बाजारात ते अडत्याकडे काटा धरायचे. सुट्टीत घरी गेलो की उंबऱ्यातच विचारायचे, "मोटार भेटली काय?" बस. पुढे चार दिवस बाकी सगळं आई बोलायची. मी मित्रांत त्यांची नक्कल करून हशा मिळवत असे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ते घडलं. एका शनिवारी संध्याकाळी सरांनी खांबाला सांगितलं, "खांबा, आता दोघायचं मले एकट्याले होत नाई. काहीतरी करा लागते." एवढं बोलून ते शिकवणीला निघून गेले. त्यांच्या मनात स्वयंपाकाला बाई ठेवायचं होतं. तसं ते सकाळी मला शाळेत बोललेही होते, आणि बाई पक्की झाली की पुढचं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण भाऊंनी ऐकलं ते एवढंच की दोघांचं होत नाही, आणि त्यांचा समज काय झाला ते मलाही तेव्हा कळलं नाही. माणसाला सांगितलेलं असतं तर 'म्हणजे काय' म्हणून उलट विचारता आलं असतं. खांबाला सांगितलेल्या गोष्टीचा खुलासा कोणाकडे मागणार? भाऊ उठून आत गेले.

रविवारी सकाळी घरमालक सुताराला घेऊन आला. मधल्या खांबाला वाळवी लागली होती. सुताराने कडेला एक बांबू टेकू म्हणून लावला, खांब काढला आणि खांद्यावर घेऊन नवा घडवायला निघून गेला. मी आंघोळ करून बाहेर आलो तर ओसरी भलतीच मोकळी दिसत होती. एका बाजूला सर वह्या तपासत होते. दुसऱ्या बाजूला भाऊ बाजेवर बसले होते. पायात जोडे, डोक्याला पटका, शेजारी गाठोडं.

"राऊत मास्तर," भाऊ मला म्हणाले, "सांगा त्यायले, मी गावाले चाललो. तिकडंच राह्यतो आता."

गावी घर बंद होतं, शेत भावकीने बटईने घेतलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना आपल्या गावचा फाटासुद्धा दिसला नसता. मी सरांकडे वळलो. सरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या हातातली लाल शाईची दौत कलती होऊन एका पोराच्या वहीवर सांडत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना वाटलं, भाऊ आपल्याला कंटाळले. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी ते वहीकडे पाहत एवढंच बोलले, "सांगा त्यायले, जाचं असन तं जा म्हणा."

मी पाऊल उचललं. दोन वर्षांची सवय. आणि मग मला कळलं की हे वाक्य मी ऐकलेलं आहे. कुडाच्या पलीकडून दोनदा ऐकलेलं आहे, चौथ्या अंकाच्या शेवटी. कंसात काय छापलं होतं तेही मला पाठ होतं, आणि ते आत्ता सरांच्या गळ्यात दिसत होतं. मी नाटकाबिटकाला हसणारा माणूस, पण उचललेलं पाऊल मी मागे घेतलं. मी जिथे उभा होतो ती बरोबर प्रधानाची जागा होती.

मी म्हणालो, "सर, शब्द नेतो. आवाज मला नेता येणार नाही."

मी बाजूला झालो आणि माझ्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. सरांनी सवयीने मधल्या खांबाकडे तोंड वळवलं. तिथे खांब नव्हता. त्या जागेतून सरळ भाऊ दिसत होते, पटक्यातले, गाठोड्यावर हात ठेवलेले. रहीमभाईंच्या दुकानात कोणीतरी घंटी वाजवून पाहत होतं.

"भाऊ," सर म्हणाले. "काठी घेतली काय?"

भाऊंनी डोळे बारीक करून आवाज कुठून आला ते पाहिलं. "घेतली."

"ठेवून द्या मंग. सैपाकाले बाई ठेवून राह्यलो मी. दोघायच्या."

भाऊंनी पायातले जोडे काढले, एकाला एक लावून बाजेखाली ठेवले आणि म्हणाले, "मले कसं मालूम राहीन? तू तं खांबाले सांगतलं."

मी खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं, आणि गणिताच्या मास्तराने दोन्ही एकदम करणं बरं दिसत नाही.

त्यानंतर दोघं काही गप्पा मारत सुटले नाहीत. नऊ वर्षं मुकी राहिलेली माणसं, त्यांना गप्पा येणार कुठून? दिवसाला चार वाक्यं, कधी पाच. हवा भरली काय. औषध घातलं काय. मोजायची मला खोड, म्हणून सांगतो. चार दिवसांनी सुताराने नवा सागाचा खांब बसवला तेव्हा सरांनी त्याला खिळा ठोकून छत्री अडकवली. एकदा चुकून ते "खांबा" म्हणाले, तर बाजेवरून आवाज आला, "खांब नवा हाय, त्याले काही मालूम नाई. मले सांग."

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, त्या वर्षीचा पहिला अंक पुरता संपायच्या आतच, कुडापलीकडून सरांचा आवाज आला. "राजेहो, पाचवा अंक काढा." माझ्या हातात कर्कटक होतं, ते मी खाली ठेवलं. सरांनी राजाचं ते पानभर भाषण वाचलं, न थांबता, न चुकता. दोनदा नुसते खाकरून पुढे गेले. शेवटी म्हणाले, "हा अंक वाचायची मला भीती वाटायची. आता नाही वाटत. तुमच्यापैकी कोणावर पाचवा अंक येऊ नये, म्हणून हे नाटक शिकवतात. परीक्षेत दुसरं काही लिहा, पण हे लक्षात ठेवा." घंटा झाली तरी पोट्टे उठले नाहीत.

भाऊ त्यानंतर तीन वर्षं जगले. गेले तेव्हा सरांचा हात त्यांच्या हातात होता आणि मध्ये कोणी नव्हतं. सर पुढे निवृत्त झाले, मीही झालो. मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं, त्याचा किती जणांना उपयोग झाला मला माहीत नाही. पण गावंडे सरांनी कुडापलीकडून, मला शिकवत आहेत हे माहीत नसताना, जे शिकवलं त्याचा मला झाला. त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही.

कारण त्या दिवाळीला मी पुसदहून निघालो. दारव्ह्याला मोटार बदलली आणि संध्याकाळी नेरला घरी पोचलो. वडील उंबऱ्यात उभे होते. कापसाचे तंतू मिशीला चिकटलेले. माझ्या हातातली पिशवी न घेता, माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी विचारलं, "मोटार भेटली काय?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मला ऐकू आलं, ते काय विचारत आहेत.

"भेटली, बाबा," मी म्हणालो. "दमलो थोडा. तुम्ही जेवले काय?"

वडिलांनी वर पाहिलं. आई चुलीपाशी होती, ती हातातली पळी तशीच धरून दारात आली आणि तिथेच थांबली. मध्ये आली नाही.

"नाई," वडील म्हणाले. "तुह्यी वाट पाहून राह्यलतो."